स्कूबाचं प्रेशर गेज: निवडायचं कसं आणि टिकवायचं कसं

स्कूबा शिकायला घेतलं की पहिल्या दिवसापासून सगळे एकच पालुपद लावतात, गेज बघत राहा, गेज बघत राहा, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा किती उरलीये ते कळेल. आपण बघतोही. पण ते गेज नेमकं काय मोजतंय, ते खरं बोलतंय का आणि ते कशाने बिघडतं हे कोणी बसून सांगत नाही, निदान मला तरी नव्हतं सांगितलं, आणि दोन गेज वाया घालवल्यावर माझं मला कळलं की ही वस्तू पाण्यात फार क्वचित बिघडते, तिची वाट लागते ती बोटीवर, बादलीत, बॅगेत आणि सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडताना. म्हणून हे सगळं नवीन लोकांसाठी क्रमाने लिहितोय. स्वतःचं पहिलं गेज घ्यायच्या विचारात असाल किंवा अजून भाड्याचंच वापरत असाल, तपासायच्या गोष्टी त्याच आहेत.

आधी आत काय आहे ते समजून घ्या

काटेवाल्या साध्या गेजमध्ये बॅटरी, सर्किट वगैरे काही नसतं. आत एक बारीक चपटी धातूची नळी गुंडाळून ठेवलेली असते, तिला बुर्दों ट्यूब म्हणतात, युजीन बुर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं आणि आजही तत्त्व तेच चाललंय. फुंकली की उलगडणारी आणि सोडली की परत गुंडाळणारी कागदाची शिट्टी बघितली असेल ना, तसंच. हवेचा दाब वाढला की नळी उलगडायला बघते, तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. दाब गेला की ती परत जागेवर येते आणि काटा शून्यावर.

आता यातून दोन गोष्टी लक्षात घ्या कारण पुढचं सगळं यावरच आहे. एक म्हणजे ही नळी नाजूक आहे, तिला धक्का बसला, मग तो बाहेरून पडून बसो नाहीतर आतून हवेचा एकदम बसो, की तिची ठेवण बदलते आणि काटा कायमचा थोडा सरकतो. दुसरं म्हणजे या नळीचं एक टोक बंद असतं. जे आत गेलं ते पलीकडून निघायची सोय नाही. हवा गेली तर प्रश्न नाही, पण खाऱ्या पाण्याचे चार थेंब गेले तर ते तिथेच बसतात, वाळतात, मीठ होतं आणि आतून खायला लागतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. गेज सिलेंडरला जोडलेलं नसतं, ते फर्स्ट स्टेजला जोडलेलं असतं (रेग्युलेटर म्हणजे ज्यातून आपण श्वास घेतो ती यंत्रणा, तिचा सिलेंडरवर बसणारा भाग). म्हणजे ते सिलेंडरमधलं नाही तर फर्स्ट स्टेजच्या हाय प्रेशर बाजूला पोचलेलं प्रेशर दाखवतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर दोन्ही एकच. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल तर मात्र दोन्ही वेगळे, आणि गंमत म्हणजे बोटीवर शांत बसलेलं असताना ते वेगळेपण दिसतच नाही. यावर पुढे परत येतो.

काय घ्यायचं

पहिला निर्णय एककाचा. बार की पीएसआय. तुम्ही ज्यात शिकलात आणि तुमचे नेहमीचे बडी (सोबत डाईव्ह करणारे जोडीदार) ज्यात बोलतात तेच घ्या, इथे हौस नको. २०० बार म्हणजे साधारण २९०० पीएसआय, आणि ३००० पीएसआय म्हणजे २०७ बार. घोटाळा होतो तो खालच्या टोकाला. बारवाले ५० बारला वर येतात, पीएसआयवाले बऱ्याचदा ५०० धरतात, आणि दोन्हीत पाच आहे म्हणून डोक्यात सरमिसळ होते. ५० बार म्हणजे ७२५ पीएसआय आणि ५०० पीएसआय म्हणजे जेमतेम ३४ बार. परक्या ठिकाणी भाड्याचं गेज हातात आलं तर आधी डायलवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, मग आकडा.

मग स्केल. तुम्ही २०० किंवा २३२ बारचे सिलेंडर वापरत असाल (बहुतेक नवीन लोक तेच वापरतात, अल्युमिनियमचा ११ लिटरवाला तर २०७ बारचाच असतो) तर ३०० किंवा ३५० पर्यंतचा डायल पुरतो. ३०० बारचे डिन (फर्स्ट स्टेज आट्यांनी बसते तशा व्हॉल्व्हचे) सिलेंडर वापरणार असाल तरच ४०० चा घ्या. मोठा आकडा म्हणजे चांगलं गेज असं नाही, उलट तेवढ्याच डायलवर जास्त आकडे कोंबले की खालचे ५० बार बोटभर जागेत येतात, आणि आपल्याला नीट वाचायचं असतं ते नेमकं तिथेच.

डबा पितळी की प्लास्टिक यावर लोक तासनतास वाद घालतात. क्रोम चढवलेलं पितळी गेज जड असतं, मार खातं, वर्षानुवर्षं चालतं. प्लास्टिकचं हलकं असतं आणि तेही चांगलं चालतं, फक्त पडलं तर फुटायची भीती जास्त. मी पितळी घ्या म्हणेन, पण बजेट नसेल तर प्लास्टिकचं घेऊन जपलं तर ते पितळी घेऊन आपटलेल्यापेक्षा जास्त टिकतं हे डोळ्याने बघितलंय. काचेचं तसंच, खरी काच ओरखडत नाही पण जोरात लागलं तर तडकते, पॉलीकार्बोनेट तडकत नाही पण वाळूने ओरखडून धुरकट होतं. दोन्ही चालतात.

डायल मात्र मन लावून बघा. आकडे ठळक आहेत का, काटा आणि पार्श्वभूमी यात फरक दिसतो का, ५० च्या खालचा लाल पट्टा स्पष्ट आहे का. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली सगळंच छान दिसतं हो, हात लांब करून, दिवा पाठीमागे येईल असं धरून बघा, किंवा सरळ चष्मा काढून. अंधारात चमकणारा डायल असेल तर उत्तम, त्यावर टॉर्च पाच सेकंद मारला की पुढचा बराच वेळ वाचता येतं. छोट्या डायलची गेज दिसायला सुबक असतात पण चाळिशी लागलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये, मी गेलो होतो.

कन्सोल घ्यायचा की नुसतं गेज? कन्सोलमध्ये प्रेशर, खोली, कधी कंपास असं सगळं एका रबरी ठोकळ्यात येतं. नवीन माणसाला सोयीचं वाटतं. पण ठोकळा जड, लोंबला की थेट कोरलवर आपटतो, आणि रबराच्या खोबणीत मीठ अडकतं ते दिसत नाही. खोली दाखवायला मनगटावर कॉम्प्युटर असेल तर नुसतं गेज बरं.

होजची, म्हणजे गेजपर्यंत येणाऱ्या रबरी नळीची, लांबी पण बघा. कन्सोलसाठी ८०-९० सेंटीमीटरची होज येते. नुसतं गेज डाव्या कमरेच्या डी-रिंगला (पट्ट्यावरच्या धातूच्या कडीला) अडकवणार असाल तर ६० सेंटीमीटरची पुरते आणि कमान करून लोंबत नाही. साईडमाउंटवाले (सिलेंडर पाठीऐवजी बाजूला लावणारे) तर १५ सेंटीमीटरची वापरतात, पण तो वेगळा विषय.

ट्रान्समीटरबद्दल सगळे विचारतात. म्हणजे फर्स्ट स्टेजला एक छोटा खुंटा लावायचा आणि प्रेशर थेट मनगटावरच्या कॉम्प्युटरवर. वापरायला मस्त आहे, मीही वापरतो. पण बॅटरी संपते, सिग्नल मधेच जातो, म्हणून सुरुवातीची काही वर्षं तरी काटेवालं गेज सोबत ठेवा, बहुतेक फर्स्ट स्टेजना दोन हाय प्रेशर पोर्ट असतात तेव्हा दोन्ही बसतात. आणि तो खुंटा धरून रेग्युलेटर उचलू नका. किंवा त्याला मूठ समजून सिलेंडर फिरवू नका. लोक करतात, तो तिथे इतका हाताला येईल असा असतो की होतंच.

होजशिवाय थेट पोर्टला लावायचं बटणाएवढं गेज पण मिळतं, ते छोट्या राखीव सिलेंडरसाठी ठीक, मुख्य गेज म्हणून नाही, पाठीमागे असलेलं कसं वाचणार?

नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा) ४० टक्के ऑक्सिजनपर्यंत असेल तर बहुतेक कंपन्यांची साधी गेज चालतात, तरी मॅन्युअल बघून घ्या. त्याच्या वर किंवा शुद्ध ऑक्सिजन असेल तर ऑक्सिजनसाठी साफ केलेलं वेगळं गेज लागतं आणि ते मग साध्या हवेवर लावायचं नाही, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाचा अंश आत गेला की साफ केलेलं वाया.

जुनं घेत असाल तर सिलेंडरला न लावता काटा शून्यावर आहे का बघा, काचेच्या आत वाफ धरलीये का बघा, आणि रबरी बूट काढून खाली हिरवा गंज आहे का ते बघा. विकणारा बूट काढू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

जोडणं आणि व्हॉल्व्ह उघडणं

माझ्या मते निम्मी गेज इथे मरतात.

फर्स्ट स्टेज सिलेंडरला बसवलात, आता व्हॉल्व्ह. आधी गेज हातात घ्या आणि त्याचं तोंड स्वतःकडे नाही, बडीकडे नाही, तर खाली जमिनीकडे किंवा सिलेंडरकडे करा. कारण आतली बुर्दों ट्यूब फुटली तर २०० बारची हवा त्या डब्यात शिरते. यासाठी डब्याला मागे किंवा बाजूला एक छोटं रबरी बूच ठेवलेलं असतं, दाब वाढला की ते उडतं आणि हवा निघून जाते, काच तोंडावर येत नाही. पण बूच उडेलच या भरवशावर तोंड काचेसमोर धरून बसायचं कारण नाही. आणि त्या बुचावर नावाचं स्टिकर, टेप, गोंद काहीही लावू नका. हे सांगावं लागतं कारण गेजच्या पाठीवर नाव चिकटवायला तीच सपाट जागा सापडते सगळ्यांना.

मग व्हॉल्व्ह हळू उघडा. हळू म्हणजे खरंच हळू, पहिला पाव वळसा इतका सावकाश की हवा सूं करत आत जाताना ऐकू येईल, गेज हळूहळू भरू द्या, आवाज थांबला की मग बाकीचा उघडा. एकदम झटक्यात उघडलात तर शून्यावरून २०० बारचा दणका त्या बारीक नळीला बसतो आणि हवा क्षणात दाबली गेल्यामुळे तापते ती वेगळीच. रोज असा दणका खाल्लेलं गेज एक दिवस शून्यावर येईनासं होतं, आणि मालक म्हणतो की कंपनी बेकार.

उघडायचा तर पूर्ण उघडा. पूर्वी पूर्ण उघडून पाव वळसा मागे घ्यायची पद्धत होती, अजून काही जुने लोक तसं शिकवतात, पण ती सोडा. त्यात घोळ असा होतो की मदत करायला आलेला दुसरा माणूस उलट दिशेने फिरवतो, म्हणजे पूर्ण बंद करून पाव वळसा उघडतो, आणि त्याला वाटतं झालं काम.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. बोटीवर गेजमध्ये २०० दाखवत होतं, मी दोन श्वास घेतले, छान. उडी मारली. १५-१६ मीटरवर गेल्यावर श्वास घ्यायला जड वाटायला लागलं, गेज बघितलं तर १८०. म्हटलं मग काय प्रॉब्लेम, आणि बघत बघत श्वास घेतला तर काटा १८० वरून सरळ ९० वर आला आणि श्वास सोडला तसा परत वर चढला. पुढच्या श्वासाला परत तेच. व्हॉल्व्ह पाव वळसाच उघडा होता. वर पाण्याबाहेर श्वासाला हवा थोडी लागते, तेवढी त्या फटीतून येत होती, खाली दाब वाढला तशी प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागली आणि फर्स्ट स्टेज भरण्यापेक्षा रिकामी लवकर व्हायला लागली. बडीने मागून व्हॉल्व्ह उघडला, दहा सेकंदांचं काम. पण ते काट्याचं वरखाली होणं अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणून हे पाठ करा: पाण्यात जायच्या आधी गेजकडे बघत बघत चार मोठे श्वास घ्यायचे. दोन नाही, चार, आणि भरपूर ओढून. काटा जागचा हलला नाही तर ठीक. श्वासाबरोबर खाली जाऊन परत येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट. खाली जाऊन तिथेच राहत असेल तर व्हॉल्व्ह बंद आहे आणि तुम्ही होजमधली उरलेली हवा पिताय. हे शेवटचं फसवं असतं, कोणीतरी आधी उघडून तपासून परत बंद केलेलं असतं आणि गेजवर २०० तसेच दिसत असतात.

अडकवणं

गेज लोंबत ठेवू नका. लोंबतं गेज कोरल मोडतं, दोरात अडकतं, आणि लागेल तेव्हा हाताला लागत नाही कारण ते पाठीमागे कुठेतरी असतं. होज डाव्या बाजूने येते तेव्हा डाव्या कमरेच्या डी-रिंगला स्टीलच्या बोल्ट स्नॅपने (खटक्याच्या हुकने) अडकवा, किंवा छातीवर क्लिप करा. बोल्ट स्नॅप गेजला धातूच्या कडीने नाही तर मजबूत दोऱ्याने बांधा, म्हणजे कधी अडकलंच तर कापता येतो.

अडकवताना एवढंच बघा की होज फिटिंगपाशी काटकोनात मुडपत नाहीये. होज मधे वाकली तर चालतं, धातूच्या कॉलरला लागून वाकली की तिथेच चिरते. तिथे घालायला रबरी होज प्रोटेक्टर मिळतात. ते घालावेत का? मी घालत नाही. त्यांच्याखाली मीठ साचतं आणि चीर पडली तरी झाकलेली राहते. घालत असाल तर दर वेळी धुताना मागे सरकवून खालचं बघा.

आणि सिलेंडर उभा सोडून जाऊ नका. बोट हलली, सिलेंडर कलंडला आणि खाली कोण होतं तर गेज, हे इतक्यांदा बघितलंय की आता मला दुसऱ्याचा उभा सिलेंडर दिसला तरी हात आपोआप जातो. जोडून झालं की आडवा ठेवा, फर्स्ट स्टेज वर, गेज बीसीडीच्या (सिलेंडर बांधलेल्या, हवा भरायच्या जॅकेटच्या) आत खोचून.

पाण्यात: आकड्यावर विश्वास किती ठेवायचा

पूर्वी लोकांकडे गेज नसायचंच. सिलेंडरला जे-व्हॉल्व्ह असायचा, हवा कमी झाली की श्वास जड व्हायचा, मग दांडी ओढून राखीव हवा सोडायची. दांडी चुकून आधीच ओढली गेली असेल तर राखीव काही उरलेलंच नसायचं. त्या मानाने आपण सुखी, आपल्याला आकडा दिसतो. पण आकडा बघायच्या आधी मनात अंदाज करायची सवय लावा, मग बघा.

अंदाज कसा तर समजा १२ लिटरचा सिलेंडर आहे आणि पाण्याबाहेर तुम्हाला मिनिटाला २० लिटर हवा लागते. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे मिनिटाला ६० लिटर. ६० भागिले १२, मिनिटाला ५ बार. दहा मिनिटांत ५० बार गेले पाहिजेत. दहा मिनिटांनी गेज म्हणतंय की फक्त १० गेले, तर तुम्ही अचानक योगी झालेला नाही, गेज अडकलंय. काचेवर नखाने टिचकी मारा, काटा उडी मारून खाली आला तर ती डाईव्ह तिथेच संपली, बडीला खूण करा आणि वर या. अंदाज करणाऱ्यालाच हे कळतं, नुसतं आकडा वाचणारा २०० वरून १९० झाले म्हणून खुश होतो.

उतरल्या उतरल्या १०-१५ बार कमी दिसले तर घाबरू नका, ते गेजचं नाही. उन्हात तापलेला सिलेंडर गार पाण्यात गेला की दाब उतरतो. २०० बारच्या सिलेंडरला एका अंशाला साधारण पाऊण बारपेक्षा थोडं कमी, त्यामुळे २० अंशांचा फरक असेल तर १३ बार असेच जातात.

बुडबुडे दिसले तर

गेज आणि होज जिथे जुळतात तिथून एक बारीक बुडबुड्यांची माळ, टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एकामागे एक, हे प्रत्येकाला कधी ना कधी दिसतं. तिथे आत स्पूल नावाचा काडीएवढा धातूचा तुकडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक चिमुकली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी). गेज होजवर फिरू शकतं ते याच्यामुळे. गेज फिरत राहतं, ओ-रिंग झिजतात, बुडबुडे येतात. अगदी बारीक माळ असेल तर घाबरण्यासारखं नाही, पण वर आल्यावर दुरुस्त करा, वाढल्याशिवाय राहत नाही.

बदलणं सोपं आहे पण पहिल्यांदा कोणीतरी दाखवल्याशिवाय करू नका. व्हॉल्व्ह बंद, सेकंड स्टेजचं (रेग्युलेटरच्या तोंडात धरायच्या भागाचं) पर्ज बटण दाबून सगळी हवा सोडा, काटा शून्यावर आल्याची खात्री करा. मग दोन पाने, एक गेजच्या मानेला धरायला आणि एक होजचा नट फिरवायला. स्पूल बोटांनी ओढून काढा, पक्कड लावली की ओरखडा पडतो आणि ओरखडा पडलेला स्पूल नवीन ओ-रिंग घालूनही गळतो. दोन्ही ओ-रिंग बदला, किंवा सरळ नवीन स्पूलच घाला, मी तेच करतो आणि दोन स्पूल नेहमी डबीत असतात. हाय प्रेशरसाठी कडक, ९० ड्युरोमीटरच्या (रबराच्या कडकपणाचं माप) ओ-रिंग येतात, साध्या मऊ घालू नका. ग्रीस नखाएवढंसुद्धा नको, नुसती चमक आली पाहिजे. नट हाताने घट्ट, मग पान्याने अगदी थोडासा. सिलेंडरला लावून, व्हॉल्व्ह हळू उघडून, गेज गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून दोन मिनिटं बघत बसा.

गळतंय म्हणून प्रेशर असताना नट आवळायला जाऊ नका. कधीच नाही.

होजच फुटली तर? आवाज फार मोठा येतो, बुडबुड्यांची भिंत उभी राहते आणि नवीन माणूस घाबरतो. पण हाय प्रेशर होजच्या फर्स्ट स्टेजकडच्या टोकाला मुद्दाम सुईच्या टोकाएवढं भोक ठेवलेलं असतं, त्यामुळे हवा हळू जाते. सेकंड स्टेजची कमी दाबाची होज फुटली तर हवा त्यापेक्षा कितीतरी लवकर संपते, नावावरून उलटं वाटेल पण तसं आहे. बडीला खूण करा, त्याच्याजवळ राहा आणि नेहमीच्या वेगाने वर या. धावत वर यायची वेळ नाही ती.

त्याच भोकाची दुसरी बाजू म्हणजे ते मिठाने बुजतं. माझ्या पहिल्या गेजचं हेच झालं होतं. व्हॉल्व्ह उघडला की काटा टुण्णकन वर जायच्या ऐवजी घड्याळाच्या मिनिट काट्यासारखा सरपटत चढायचा. मला वाटायचं वा, किती नाजूकपणे चढतंय. पण वर चढायला जो वेळ लावतो तो खाली उतरायलाही वेळ लावतो, म्हणजे पाण्यात तो खऱ्या आकड्यापेक्षा जास्तच दाखवत राहणार. आणि बाहेर येऊन व्हॉल्व्ह बंद करून पर्ज केलं तरी काटा मधेच रेंगाळायचा. असं सरपटणारं गेज दिसलं तर होज आणि गेज दोन्ही टेक्निशियनकडे.

धुणं

मीठ आत कुठून गेलं होतं? डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) न लावता मी रेग्युलेटर बादलीत टाकला होता. एकदाच नाही, दर वेळी.

तर क्रम असा. सिलेंडर काढला की लगेच डस्ट कॅप कोरडी करून लावा. कोरडी म्हणजे टॉवेलने पुसून. सिलेंडरचा व्हॉल्व्ह फुर्र करून कॅप वाळवायची पद्धत आहे, पण ते करताना फर्स्ट स्टेजचं तोंड शेजारीच उघडं असतं आणि उडालेलं पाणी बरोबर त्यातच जातं, वर कानाला त्रास तो वेगळा. सगळ्यात चांगलं म्हणजे रेग्युलेटर सिलेंडरला जोडलेला आणि प्रेशरखाली असतानाच धुवायचा, मग पाणी आत जायचा प्रश्नच नाही. ते जमत नसेल तर कॅप घट्ट लावून कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, नुसतं खंगाळून मीठ निघत नाही. भिजत असताना पर्ज बटण दाबायचं नाही, दाबलं की पाणी सेकंड स्टेजमधून होजमध्ये शिरतं.

गेजचा रबरी बूट काढा. कन्सोल असेल तर त्यातून गेज बाहेर काढा, महिन्यातून एकदा तरी. स्विव्हलपाशी, म्हणजे गेज होजवर फिरतं तिथे, गेज पाण्यातच चार वेळा इकडे तिकडे फिरवा. डाईव्ह सेंटरच्या सामाईक टाकीत पन्नास जणांची वाळू असते, तिथे बुडवलं तरी घरी येऊन परत धुवा.

वाळवायला सावलीत, सपाट किंवा रुंद खुंटीवर. गेज धरून लोंबवायचं नाही, सगळ्या रेग्युलेटरचं वजन त्या एका होजवर येतं. बॅगेत भरताना होजची मोठी वेटोळी करा आणि गेजची काच मऊ कपड्याकडे. बंद गाडीत उन्हात टाकून ठेवू नका, रबर आणि प्लास्टिक दोन्ही कडक होतात.

अधूनमधून तपासणी

काटा शून्यावर येतो का हे दर वेळी बघायचं. त्याखेरीज वर्षातून एकदा, सर्विसिंगच्या वेळी, एकाच सिलेंडरवर तुमचं गेज आणि माहितीतलं चांगलं गेज लावून बघा, एकदा भरलेला असताना आणि एकदा जवळजवळ रिकामा झाल्यावर. वर ५-१० बारचा फरक असला तर फारसं बिघडत नाही. खाली ५० च्या आसपासचा फरक महत्त्वाचा. माझं दुसरं गेज खरे ५० असताना ६५ दाखवायचं आणि ते मला दीड वर्षाने कळलं, म्हणजे दीड वर्ष मी राखीव हवा मोजून खात होतो आणि बडीला सांगत होतो की माझ्याकडे अजून भरपूर आहे.

होज साधारण पाच वर्षांनी बदला, कॉलरपाशी बारीक चिरा किंवा फुगवटा दिसला तर त्याआधीच. विणीची (वरून धाग्यांचं विणकाम असलेली) होज घेतली असेल तर चिरा दिसत नाहीत, तेव्हा तारीख लिहून ठेवा.

काचेच्या आत वाफ, थेंब, शून्यावर न येणारा काटा, उडालेलं बूच, यातलं काहीही दिसलं की ते गेज बाद. दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवीन घेतलेलं बरं पडतं. आणि बाद गेज काढलं की काचेवर मार्करने मोठी फुली मारा, परत स्पेअरच्या डबीत टाकू नका, कारण पुढच्या वेळी बोट सुटायच्या घाईत कोणीतरी डबीत हात घालणार आणि हाताला नेमकं तेच लागणार.